बंदोबस्तातली फारसी

गणपतीत चौकाचौकात पोलिसांचा बंदोबस्त लागतो. तो शब्द जरा उलगडून पाहिला, तर फारसी व्याकरणातला सगळ्यात किचकट धडा त्यात घडी घालून ठेवलेला सापडतो. 'बस्तन' म्हणजे बांधणं. त्याचं एक मूळ 'बस्त', दुसरं 'बंद'. मधला 'ओ' म्हणजे 'आणि'. बंद-ओ-बस्त. एकाच क्रियापदाची दोन्ही मुळं एका शब्दात शेजारी शेजारी बसली आहेत.

फारसीतल्या प्रत्येक क्रियापदाला अशी दोन मुळं असतात, भूतकाळासाठी एक आणि वर्तमानासाठी दुसरं. भूतकाळाचं मूळ फुकट मिळतं. 'गोफ्तन' (बोलणं) मधला शेवटचा 'अन' काढला की 'गोफ्त', 'दीदन' (पाहणं) मधून 'दीद', 'नेवेश्तन' (लिहिणं) मधून 'नेवेश्त'. वर्तमानाचं मूळ मात्र पाठच करावं लागतं, कारण ते कधी कधी ओळखू येणार नाही इतकं वेगळं असतं. गोफ्तनचं 'गू', दीदनचं 'बीन', नेवेश्तनचं 'नेवीस'. जगभरचे विद्यार्थी या जोड्यांचे तक्ते भिंतीला चिकटवून घोकत बसतात. मराठी माणसाने त्याआधी आपल्या ओळखीतली आडनावं आठवावीत.

चिटणीस, फडणीस, पोतनीस, वाकनीस. या सगळ्यांच्या शेपटीला असलेला 'नीस' म्हणजे हाच 'नेवीस', लिहिणारा. पारसनीस तर फारसी लिहिणारा. सुभेदार, किल्लेदार, जमीनदार यांच्यातला 'दार' हे 'दाश्तन' (जवळ असणं, बाळगणं) या क्रियापदाचं वर्तमानी मूळ. लाचखोरातला 'खोर' हे 'खोर्दन' म्हणजे खाणं याचं. दुर्बीण म्हणजे दूर-बीन, लांबचं पाहणारी. हल्ली इराणात 'दूरबीन' म्हटलं की आधी कॅमेरा डोळ्यांपुढे येतो. दिलगीर म्हणजे ज्याचं काळीज धरलं गेलं तो, कारण 'गीर' हे 'गेरेफ्तन' (पकडणं) याचं मूळ. आणि गोलंदाज म्हणजे गोळा फेकणारा, 'अंदाख्तन'चं 'अंदाज'. हे मूळ आपल्याकडे इतकं रुजलं की क्रिकेट आल्यावर त्याच साच्यात 'फलंदाज' हा शब्द आपण स्वतः पाडला. शब्दशः अर्थ बघायला गेलं तर तो फळी फेकणारा होतो, पण तक्रार कोणी केली नाही.

भूतकाळी मुळंही आहेत. 'खरीद', 'शिकस्त'. 'दरखास्त' आणि 'बरखास्त' ही तर मजेदार जोडी. दरखास्तीतलं 'खास्त' हे मागण्याचं, इच्छिण्याचं क्रियापद. बरखास्तीतलं 'खास्त' हे उठण्याचं. सभा बरखास्त झाली म्हणजे सभा उठली. उच्चार दोन्हींचा एकच, पण फारसी लिपीत पहिल्यात 'ख'नंतर एक 'वाव' लिहितात आणि तो उच्चारत नाहीत. जुन्या काळी तो उच्चारला जात असे, म्हणून हिंदी-उर्दूत 'ख्वाब' आहे आणि तेहरानमध्ये नुसतं 'खाब'.

ही सगळी उठाठेव केवळ शब्दांची गंमत म्हणून केलेली नाही. फारसी शिकणाऱ्याला सुरुवातीलाच एक निवड करावी लागते, की लिहिण्याची औपचारिक फारसी आधी शिकायची की बोलण्याची. अनेकदा सल्ला मिळतो की बोली आधी, औपचारिक नंतर, कारण औपचारिक म्हणजे कठीण. मराठी माणसाच्या बाबतीत हे उलटं आहे असं माझं मत आहे. आपल्याकडे फारसी बाजारातून कमी आणि दफ्तरातून जास्त आली. १३४७ साली बहमनी राज्य स्थापन झालं, पुढे निजामशाही आणि आदिलशाही आली, आणि तीन-साडेतीनशे वर्षं महसूल, न्याय, लष्कर यांचे कागद याच भाषेच्या सावलीत लिहिले गेले. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. त्यात १,३०० हून अधिक शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत. एवढा उपाय करावा लागला यावरूनच रोग किती मुरलेला होता ते कळतं. तेव्हा आपल्या जिभेवर आहे ती कागदी फारसी. तीच आधी वाचायला घ्यावी.

पण एक अट आहे. शब्दाच्या रूपावर विश्वास ठेवायचा, अर्थावर नाही. त्याकडे नंतर येतो.

लिहायची एक, बोलायची दुसरी

इराणातलं वर्तमानपत्र आणि इराणातली गल्ली यांच्यातलं अंतर आपल्या 'करण्यात आले आहे' आणि 'केलंय' यांच्यातल्या अंतरासारखं आहे, फक्त थोडं जास्त. 'मी जातो' हे लिहिताना 'मी-रवम', बोलताना 'मीरम'. 'मी म्हणतो' हे 'मी-गूयम', बोलताना 'मीगम'. 'मला हवंय' हे 'मी-खाहम', बोलताना 'मीखाम'. (या लेखात फारसी शब्द लिहिताना 'ज' हा 'जरा'मधला समजावा, फक्त 'जान', 'जवाब' आणि 'जनाब' यांत 'जन्म'मधला, आणि 'ख' घशातून खरवडत काढावा.)

रचना साधी आहे. पुढे 'मी', मध्ये वर्तमानी मूळ, शेवटी कर्त्याचा प्रत्यय. मी-नेवीस-अम, लिहितो मी. प्रत्यय सहाच: अम, ई, अद, ईम, ईद, अंद. बोलीत यातले तीन झिजतात. 'अद'चा 'ए' होतो, 'ईद'चा 'ईन' आणि 'अंद'चा 'अन'. म्हणजे 'तो लिहितो' हे कागदावर 'मी-नेवीसद' आणि तोंडी 'मीनेवीसे'. याशिवाय 'आन' आणि 'आम' यांचा बोलीत 'ऊन' आणि 'ऊम' होतो. नान (पोळी) ची नून, जानचा जून, खाने (घर) चं खूने. हे तीन-चार नियम कळले की औपचारिकावरून बोली बनवता येते. उलट दिशेने जाताना मात्र अडखळायला होतं, कारण झिजलेल्या रूपावरून मूळ काय होतं हे सांगता येत नाही. 'मीगम' ऐकून 'गू' कुठून ओळखणार? औपचारिक आधी शिकावं याचं हे दुसरं कारण.

तिसरं कारण वाक्यरचनेचं. औपचारिक फारसीत क्रियापद आपल्यासारखंच शेवटी येतं. 'मी घरी गेलो' हे 'मन बे खाने रफ्तम', म्हणजे 'मी ला-घर गेलो'. बोलीत मात्र लोक 'रफ्तम खूने' म्हणतात, ठिकाण क्रियापदाच्या मागे ढकलतात. कागदी वाक्य आपल्या कानाला सरळ वाटतं.

लिंग नाहीच. 'ऊ' म्हणजे तो आणि तीही. आणखी एक सूट अशी की आपला कर्मणी प्रयोग तिथे नाही. मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली, मी केळं खाल्लं, या जंजाळातून सुटका. आंबा असो की पोळी, 'खोर्दम'. क्रियापद फक्त कर्त्याकडे बघतं, जेवणाच्या ताटाकडे नाही. पाच वर्षं मराठी शिकून 'मी पोळी खाल्ला' म्हणणाऱ्या माणसाला हे सांगा, तो उद्याच फारसी सुरू करेल.

शब्दांचा क्रम तेवढा एका जागी उलटा होतो. आपण 'माझ्या मित्राच्या वडिलांच्या घराचं दार' म्हणतो. फारसीत 'दर-ए खाने-ये पेदर-ए दूस्त-ए मन': दार, घर, वडील, मित्र, मी. आरशात पाहावं तसं. दोन शब्दांना जोडणारा हा 'ए' म्हणजे एजाफे. आपला 'चा-ची-चे' आणि विशेषणाचा सांधा ही दोन्ही कामं तो एकटा करतो. 'केताब-ए मन' माझं पुस्तक, 'केताब-ए खूब' चांगलं पुस्तक. कोहिनूर तर सगळ्यांना ठाऊक आहे. कूह म्हणजे डोंगर, नूर म्हणजे प्रकाश, मधला 'ए' मराठीत येईपर्यंत 'इ' झाला.

औपचारिक फारसी वाचताना खरी दमछाक होते ती या 'ए'मुळे, कारण तो सहसा लिहीतच नाहीत. कागदावर नुसते 'कूह नूर' असे दोन शब्द. 'ए' वाचणाऱ्याने आपल्या पदरचा घालायचा. वर्तमानपत्री वाक्यात असे पाच-सहा शब्द एकामागून एक येतात आणि साखळी कुठे तुटते हे अर्थावरून ठरवावं लागतं. यावर मला एकच उपाय कामी आला. वाक्य मोठ्याने वाचायचं आणि जिथे 'ए' चुकून घातला तिथे कुणीतरी आपल्याला थांबवायचं. नुसत्या डोळ्यांनी वाचून हे जमत नाही.

'रा' हा कर्माचा प्रत्यय इंग्रजीतून शिकवणारी पुस्तकं पानभर समजावतात. मराठीत दोन वाक्यं पुरतात. 'मुलगी बघायला गेलेत' आणि 'मुलीला बघायला गेलेत'. पहिल्यात कोणतीही मुलगी, लग्नासाठी स्थळ. दुसऱ्यात एक ठरावीक मुलगी, बहुधा आजारी. फारसीत 'केताब खरीदम' म्हणजे पुस्तकखरेदी केली, 'केताब रा खरीदम' म्हणजे ते आपलं ठरलेलं पुस्तक घेतलं. आपण हा भेद मुख्यतः सजीवांपुरता करतो, फारसी पुस्तकालाही तोच मान देते. बोलीत 'रा'चा 'रो' होतो, कधी नुसता 'ओ'.

मोठे शब्द आणि जड शब्द

औपचारिक म्हणजे अरबी शब्दांचा भरणा, असा एक समज असतो. तो अर्धाच खरा. 'सोआल' आणि 'जवाब' हे अरबीतून आलेले शब्द इराणी माणूस घरात वापरतो. बातमीत किंवा पत्रात तोच माणूस 'पोर्सेश' आणि 'पासोख' लिहितो, आणि ते अस्सल फारसी आहेत. 'सुरू करणं' बोलताना 'शोरू कर्दन', आपलंच 'सुरू करणे'. लिहिताना 'आगाज कर्दन'. म्हणजे इथे देशी शब्द अंगरखा घालून बसलाय आणि अरबी शब्द बनियनवर फिरतोय.

याला एक इतिहास आहे. १९३५ साली तेहरानात फरहंगेस्तान, म्हणजे भाषेची अकादमी, स्थापन झाली आणि तिने अरबी शब्दांना पर्याय घडवायला घेतले. नगरपालिकेला 'बलदिये' म्हणत, तिची 'शहरदारी' झाली. 'तय्यारे' गेलं आणि 'हवापेयमा' आलं, हवेतून मार्ग काढणारं, म्हणजेच विमान. न्यायालय 'महकमे' होतं, ते 'दादगाह' झालं. 'दाद' म्हणजे न्याय आणि 'गाह' म्हणजे जागा. आपण दाद मागतो ती हीच, आणि दर्ग्यातला 'गा' तोच. त्याच सुमाराला आपल्याकडे सावरकर मराठीतून फारसी-अरबी आणि इंग्रजी शब्द काढून महापौर, दिनांक असे शब्द घडवत होते. इकडे फारसीला हाकलत होते तेव्हा तिकडे फारसी अरबीला हाकलत होती. दोन्हीकडे निकालही सारखाच लागला, काही शब्द रुळले आणि काही फक्त फॉर्मवर उरले. संगणकासाठी नंतर घडवलेला 'रायाने' लिहिताना दिसतो, पण बोलताना लोक 'कामप्यूतेर' म्हणतात. 'पयामक', छोटा निरोप, हा मोबाइलवरच्या संदेशाचा शब्द मात्र सहज खपला.

अरबी शब्द तरीही प्रचंड आहेत आणि त्यांच्यासाठी मुळाक्षरांची खूण लक्षात ठेवावी लागते. 'ऐन-लाम-मीम' या तीन व्यंजनांत ज्ञानाची कल्पना आहे. त्यापासून एल्म (विद्या), आलेम (विद्वान), मोअल्लेम (शिक्षक), मअलूम (ज्ञात), तअलीम (शिकवणं), एअलाम (जाहीर करणं). यातली तालीम आपल्याकडे आली आणि लंगोट लावून आखाड्यात उतरली. 'हुकूम' आणि 'हाकीम' यांचंही असंच एक घराणं आहे, वर आलेलं 'महकमे'ही त्यातलंच. हे साचे ओळखू आले की फारसी लिपीतली एक विचित्र गोष्टही पटते. 'ज' या एका उच्चाराला तिथे चार अक्षरं आहेत. जमीन, नजर, हजरत आणि मजकूर, चौघांचा 'ज' वेगळ्या अक्षराने लिहितात. इराणी तोंडात चारही एकसारखेच. अरबीत ते वेगळे होते, आणि अक्षर बदललं तर शब्दाचं घराणंच बदलेल म्हणून लेखनात ते जपले गेले.

अरबी अनेकवचनं हा औपचारिक फारसीचा आणखी एक दागिना. बोलताना 'वकील-हा', छापताना 'वोकला'. बोलताना 'केताब-हा', ग्रंथसूचीत 'कोतोब'. शब्दाच्या पोटातले स्वर बदलून अनेकवचन होतं. आपण अशी कितीतरी अनेकवचनं एकवचन समजून घेतली. उमराव हे अमीराचं अनेकवचन. असामी हे 'इस्म', म्हणजे नाव, याचं. अहवाल हे हालाचं, म्हणजे 'हालहवाल'. इराणात 'अहवाल-पोर्सी' म्हणजे एखाद्याची ख्यालीखुशाली विचारणं. आपण त्याचा चौकशी समितीचा अहवाल केला.

क्रियापदांतही अशीच चढण आहे. 'कर्दन' (करणं) च्या जागी 'नेमूदन', 'शोदन' (होणं) च्या जागी 'गर्दीदन', 'अस्त' (आहे) च्या जागी 'मी-बाशद'. अर्थात फरक काही नाही, फक्त वाक्याला इस्त्री होते. चांगले इराणी संपादक हे शब्द खोडतात, आणि सरकारी कारकून ते पुन्हा घालतात. ज्याने 'सदर प्रकरणी कार्यवाही करण्यात यावी' हे वाक्य आयुष्यात एकदा तरी वाचलंय, त्याला हे सांगायला नको. 'सुद्धा'साठी बोलीत 'हम', लेखात 'नीज'. 'नेहमी' बोलीत 'हमीशे', लेखात 'हमवारे'. 'जर' बोलीत 'अगे', साध्या लेखात 'अगर' आणि नोटिशीत 'चोनानचे'. असे पंचवीस-तीस जोडशब्द पाठ केले की बातम्या एकदम उघडतात.

एक सूचना, सावकाश

इराणी कार्यालयाबाहेर लागते तशी एक सूचना घेऊ. सुरुवात ठरलेली असते:

'बदीन वसीले बे एत्तेला-ए हमवतनान-ए गेरामी मी-रसानद के साआत-ए कार-ए एदारे अज फर्दा तगयीर खाहद याफ्त.'

'बदीन' म्हणजे 'बे ईन', याने. मधला 'द' जुन्या भाषेचा अवशेष, आता फक्त अशा ठोकळ्यांत उरलेला. 'वसीले' म्हणजे साधन, माध्यम. तो आपला वशिला. आपल्याकडे साधन म्हणजे कोण ओळखीचं आहे हा प्रश्न पडला, म्हणून अर्थ तिकडे घरंगळला. 'एत्तेला' म्हणजे माहिती, जुन्या मराठी कागदांतली इत्तला. 'हमवतनान' म्हणजे एकाच देशातले लोक; 'आन' हे माणसांसाठी वापरायचं औपचारिक अनेकवचन. वतन तिकडे मायदेश, आणि आपल्याकडे पाटलाचं किंवा कुळकर्ण्याचं. 'गेरामी' म्हणजे प्रिय, आदरणीय. 'मी-रसानद' म्हणजे पोचवतो. 'रसीदन' म्हणजे पोचणं आणि पावती म्हणून जी रसीद मिळते ती त्यातलीच. कोण पोचवतो? कर्ताच नाही. 'याद्वारे सर्व नागरिकांना कळविण्यात येते की' यातही कोण कळवतंय ते नसतं. दोन्हीकडचे साहेब एकाच शाळेतले.

'साआत-ए कार-ए एदारे' म्हणजे कार्यालयाच्या कामाची वेळ, दोन एजाफे. 'अज फर्दा' उद्यापासून. आपलं 'पासून' मागे लागतं, त्यांचं 'अज' पुढे. आणि शेवटचे तीन शब्द औपचारिकपणाचा कळस आहेत. 'तगयीर' बदल, 'याफ्तन' मिळणं, सापडणं, बदल पावेल. त्याचं वर्तमानी मूळ 'याब', जे कामयाबमध्ये आहे. 'खाहद' हे 'खास्तन'च्या वर्तमानी मुळाला 'अद' लावून झालं आणि त्यापुढे दुसऱ्या क्रियापदाचं भूतकाळी मूळ तसंच ठेवलं की भविष्यकाळ होतो. हा 'खाह' आपल्या 'तनखा'त आहे, तन-खाह. पगाराला मात्र आजचे इराणी 'होकूक' म्हणतात, म्हणजे हक्कचं अनेकवचन, आणि ते मला जास्त स्वाभिमानी वाटतं.

हीच सूचना चहाच्या दुकानात कुणी सांगितली तर म्हणेल, 'अज फर्दा साआत-ए एदारे अवज मीशे.' भविष्यकाळ गेला, बदल 'अवज' झाला. आपण 'याच्याऐवजी ते' म्हणतो त्या ऐवजीतला ऐवज हाच.

ओळखीचे चोर

आता अटीकडे. एका इराणी विद्यार्थ्याकडे मी पुण्यात थोडे महिने शिकत होतो. एकदा खोलीतल्या दिव्याबद्दल काही सांगायचं होतं, म्हणून ऐटीत म्हणालो, 'मन तेकरार दारम', मला तक्रार आहे. त्याने शांतपणे आपलं आधीचं वाक्य पुन्हा म्हटलं, यावेळी सावकाश. मी परत 'तेकरार' म्हटलं. त्याने परत वाक्य म्हटलं. 'तेकरार' म्हणजे पुनरावृत्ती. तक्रारीला 'शेकायत'. त्या दिवसापासून ओळखीच्या शब्दाची मी जास्त झडती घेतो.

फिर्याद, म्हणजे 'फर्याद', तिकडे नुसती किंकाळी. चष्मा म्हणजे 'चेश्मे', पाण्याचा झरा; डोळ्यांवर लावायचा तो 'ऐनक'. गरीब म्हणजे परका, अनोळखी. रजा म्हणजे संमती, आणि सुट्टी मागायची तर 'मोरख्खसी'. तमाशा म्हणजे पाहणं, त्यामुळे इराणात टीव्हीचाही तमाशा करतात. मंजूर म्हणजे हेतू, म्हणायचा अर्थ. 'मंजूरेत चीए?' असं कोणी विचारलं तर तो काही मंजुरी मागत नसतो, तुला म्हणायचंय काय असं विचारत असतो. दस्तूर म्हणजे आज्ञा, आणि 'दस्तूर-ए जबान' म्हणजे चक्क व्याकरण. एखादा शब्द जसाच्या तसाही राहिलेला दिसतो. 'मजकूर इसम' असं जुन्या कज्जात लिहीत, तसा 'मजकूर', म्हणजे वर उल्लेखलेला, आजही फारसी लेखनात त्याच अर्थाने येतो. फक्त 'एस्म' म्हणजे तिथे नाव, माणूस नव्हे.

उच्चाराची गोष्ट वेगळी, तिथे चूक आपली नाही. आपण रोज, दोस्त, जोर म्हणतो. तेहरानमध्ये रूज, दूस्त, जूर. हिंदुस्थानात फारसी आली तेव्हा तिच्यात 'ए' आणि 'ओ' हे दीर्घ स्वर वेगळे होते. इराणात ते पुढे 'ई' आणि 'ऊ'त विरले, अफगाणिस्तानच्या फारसीत, म्हणजे 'दरी' भाषेत, आजही आहेत. म्हणून सिंह आणि दूध हे दोन्ही तेहरानमध्ये 'शीर', पाण्याचा नळसुद्धा 'शीर'. काबूलला सिंह 'शेर' आणि दूध 'शीर'. शिरकुर्म्यात दूध आहे, सिंह नाही, ही खात्री आपल्या वाट्याला आली ती त्या जुन्या उच्चारामुळे. दिल-देल, गुल-गोल हे फरक आठवड्यात अंगवळणी पडतात. 'परवाना' तिकडे 'परवाने' होतो, पण प्रत्यय लागला की 'परवानेगी', आपल्या परवानगीसारखाच 'ग' मधून डोकावतो.

आदराची भाषा ही औपचारिक फारसीची शेवटची पायरी आणि तिथे आपण पुन्हा घरी असतो. वडीलधाऱ्या व्यक्तीसाठी क्रियापद अनेकवचनी, आपल्या 'ते म्हणाले'सारखं. शिवाय बोलण्याला दोन वेगळी क्रियापदं. मी बोललो तर 'अर्ज कर्दम', तुम्ही बोललात तर 'फरमूदीद'. खालून वर जातो तो अर्ज, वरून खाली येतं ते फर्मान. तहसील कचेरीत जाऊन आलेल्या कुणालाही ही उतरंड शिकवावी लागत नाही. स्वतःला 'बंदे' म्हणायचं, समोरच्याला 'जनाब-ए आली'. याच 'फरमूदन'चं आज्ञार्थी रूप 'बेफरमायीद' हे या, बसा, घ्या, बोला, आधी तुम्ही, अशा सगळ्या जागी चालतं. फोन उचलल्यावरही चालतं.

दुकानात किंमत विचारलीत की पैसे सांगायच्या आधी दुकानदार म्हणतो, 'काबेली नदारे'. तुमच्यापुढे याची काय किंमत, असा भाव. ते खरं मानून वस्तू उचलून चालू पडायचं नसतं. पुन्हा विचारायचं, मग तो आकडा सांगतो. पण शिकणाऱ्याने त्या क्षणी दुसरंही काही ऐकावं. 'दारे' हे 'दारद'चं झिजलेलं बोली रूप, 'न' म्हणजे नाही. कागदावर हेच वाक्य 'काबेली नदारद' असं लिहितात. तेहरानच्या दुकानदाराने तो शेवटचा 'द' कधीच टाकून दिला. इकडे आपल्याकडे नळाला पाणी येत नाही तेव्हा लोक अजून म्हणतात, पाणी नदारद.